फलँज

मराठी शिकविण्यात आमची वीसेक वर्षे गेली. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात आहोत, आणि शुद्ध शब्दाविषयीचा आमचा आग्रह हा विद्यार्थ्यांच्या थट्टेचा विषय आहे हेही आम्हांस ठाऊक आहे. या आग्रहापायी एका गावाचे पाणी दोन दिवस बंद राहिले, ही गोष्ट मात्र आम्ही त्यांना अद्याप सांगितलेली नाही.

आमच्यापैकी एकाचे गाव कळंब तालुक्यात. काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात तेथील सार्वजनिक विहिरीवरून टाकीकडे जाणाऱ्या लोखंडी नळाचा जोड फुटला. सुटी असल्याने आम्ही दोघेही गावीच होतो. तालुक्याच्या दुकानदाराला चिठ्ठी पाठवायची होती, आणि मराठीचे दोन प्राध्यापक ओसरीवर बसलेले असताना ती दुसऱ्या कोणी का लिहावी? मिस्त्रीच्या तोंडचा 'फलँज' हा शब्द आम्हांला खटकला. थोडी चर्चा करून आम्ही लिहिले, 'चार इंची नळाचे दोन कंगोरे द्यावेत.' दुकानदाराने आपल्यापरीने अंदाज बांधला आणि आतून आटे पाडलेले दोन सॉकेट पाठविले. दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद होती. बायका घागरी घेऊन शेतातल्या बोअरकडे जाऊ लागल्या. आमच्याकडे पाहून कोणी काही बोलले नाही, हे अधिकच लागले. मिस्त्री तेवढा म्हणाला, "सर, सरळ मराठीत लिवायचं की, फलँज म्हनून."

त्याच्या लेखी कंगोरा हा परका शब्द होता आणि फलँज मराठी.

आमचे काय चुकले, हे नवा जोड बसताना पाहिल्यावर कळले. नळाच्या तोंडाशी बाहेर आलेली जाड, गोल कड, तिला भोके. दोन नळांच्या अशा दोन कडा समोरासमोर आणायच्या, मध्ये रबरी पॅकिंग ठेवायचे आणि बोल्ट आवळायचे. तेही ओळीने नव्हे. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. ओळीने आवळत गेले तर कड एका अंगाला कलते आणि दुसऱ्या अंगाने पाणी सुटते.

कडेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. लुगड्याला काठ असतो, विहिरीला कठडा, शेताला बांध, टोपीला झालर, तटाला कंगोरे. पण यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द वस्तू कोठे संपते ते सांगतो, किंवा तिला शोभा आणतो. दोन वस्तू जिच्यापाशी एकमेकींना धरतात अशा कडेला आमच्याजवळ शब्द नव्हता, आणि आम्ही मात्र शोभेचा शब्द उचलून पाण्याच्या कामावर पाठविला होता.

रेल्वेच्या चाकाची आतल्या बाजूची उभी कड हीही फलँजच. बैलगाडीच्या चाकाला धाव असते, ही कड नसते; म्हणून तिला वाटेने चाकोरी पुरवावी लागते. आगगाडीचे चाक आपली चाकोरी आपल्या अंगावरच घेऊन फिरते. एरवी चाकाचा किंचित उतरता माथाच गाडीला रुळांच्या मध्यावर ठेवतो. कड रुळाला घासते ती मुख्यतः वळणावर, आणि मग ती किंचाळते. हे किंचाळणे आमच्या जिल्ह्याने जवळजवळ शंभर वर्षे ऐकले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे, अवघी ७६२ मिलिमीटर रुंदीची, १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, १९०७ मध्ये तडवळ्याला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. जिल्ह्याच्या गावाला मात्र तिने बगल दिली होती. तेव्हाच्या उस्मानाबादेस, आताच्या धाराशिवास, गाडी दिसली ती रुंद रूळ आल्यावर, या शतकात. त्याच रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. आमच्या तहानलेल्या स्थानकावरून पुढे जाणारे ते पाणी चाकांच्या त्या बोटभर कडेने रुळावर धरून ठेवले होते. तेव्हा आम्हांला अर्थातच असे काही सुचले नव्हते. आम्ही हेवा करीत होतो.

इंग्रजी कोशकार या शब्दाचा संबंध बाजू, कूस अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाशी लावतात, तोही खात्रीने नव्हे. तेथे त्याने बराच संसार केलेला दिसतो. प्रौढ ओरांगउटान नराच्या गालांवरचे रुंद पडदे म्हणजे फ्लँज. बबून माकडांच्या कळपालाही हाच शब्द लावतात म्हणे. त्याचे मूळ १९८० च्या सुमाराच्या बीबीसीवरील एका विनोदी प्रहसनात आहे. शाळेत केळीचा घड आणि मुंग्यांची रांग पाठ केलेल्या आम्हांला ही कल्पना फार आवडली. थट्टेतला शब्द रुळतो आणि समितीतला कपाटात राहतो, याचा अनुभव मराठीलाही नवा नाही.

शब्द आपला झाला हे ओळखावे कसे? आम्ही वर्गात सांगत आलो की विभक्ती लागते तेव्हा. मिस्त्री बोल्ट आवळताना पोराला म्हणत होता, "फलँजीला हात लावू नको, फलँजीच्या खाली वीट दे." स्त्रीलिंग, सामान्यरूप, सारे जागच्या जागी होते. आम्ही ते ऐकले आणि मान खाली घालून वीट शोधायला गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाडलेली चिठ्ठीही आम्हीच लिहिली होती. 'फ्लँज' लिहावे की 'फलँज', यावर आमचे दोघांचे मिनिटभर झालेच. शेवटी तो म्हणतो तसे लिहिले आणि त्याला वाचून दाखविले. त्याने खाली एक शब्द वाढवायला लावला : बोल्टासकट.