म्हापशातली दहा मिनिटे

मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी कोकणात उतरतो, तेव्हा आम्ही कोकणातून गोव्याला निघालो. मी, अम्मा, माझी धाकटी बहीण आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा. त्याचे खरे नाव इथे लिहीत नाही. घरात त्याला मुन्नाच म्हणतात. म्हापशाला आमची फुपी राहते. तिच्या नातवाचा अकीका हे जाण्याचे सांगण्यासारखे कारण होते. न सांगण्यासारखे कारण मुन्ना होता.

रत्नागिरी सोडली तसा तो खिडकीच्या गजाला नाक लावून उभा राहिला. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मायेने विचारले, "नाव काय रे बाळा?" त्याने मान वळवली नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मग बहिणीकडे बघून म्हणाल्या, "बोलत नाही का?" बहीण म्हणाली, "झोप आलीय त्याला." मुन्ना टक्क जागा होता. कणकवली आली, कुडाळ आले. तिथे बहिणीने हळूच विचारले, "आपा, यंदा पहिलीचा वर्ग तुझ्याकडेच ना? मुन्नाला घेशील?" मी म्हटले, "बघू." सावंतवाडी, मडुरे, पेडणे. शापोरा नदीवरचा पूल ओलांडून गाडी थिवीला थांबेपर्यंत ती पुन्हा काही बोलली नाही.

हा "बघू" माझ्या तोंडी नवा नव्हता. मुन्ना अडीच वर्षांचा असताना नावाने हाक मारली तर बघत नसे. पातेल्याचे झाकण फिरवत तासभर बसे. बहिणीने मला विचारले होते, कारण घरात शिकलेली मी. मी सांगितले, "मुलगे उशिराच बोलतात, आपले मामू नाही का चार वर्षांनी बोलले?" बीएडच्या मानसशास्त्राच्या पेपरात स्वमग्नतेवर टीप लिहून मी चांगले गुण मिळवले होते. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन केले, हेही त्यात लिहिले होते. पुस्तकातले ते मूल माझ्या मांडीवर बसले तेव्हा मला ते ओळखता आले नाही. माझ्या शब्दावर विसंबून बहीण जवळजवळ दोन वर्षे थांबली. तोवर नजर उतरवून झाली, दोन ताविज झाले. मग एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी निदान केले आणि जाता जाता सल्ला दिला, "घरात एकच भाषा बोला, नाहीतर मुलाचा गोंधळ होतो." बहिणीच्या सासरी उर्दू, म्हणून उर्दू ठरली. अम्माला आमच्या कोकणीशिवाय दुसरे काही सहज बोलता येत नाही. त्या दिवसापासून ती नातवाशी बोलायचीच थांबली. मांडीवर घ्यायची, भरवायची, पण गप्प.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. पावसाळ्यापूर्वीचा बाजार बघावा तो इथे. गोव्यात पावसाच्या बेगमीला पुरुमेत म्हणतात. सुके बोंबील, सुकी सुंगटे, सोलां, मिरच्यांच्या राशी, मातीची मडकी आणि मयड्याची हातभर लांब केळी. फुपीच्या पिशव्या भरेनात. तेवढ्यात कुठेतरी लाऊडस्पीकर खरखरला आणि मुन्ना कान दाबून रस्त्यातच बसला. मग ओरडणे, मग डोके आपटणे. माणसे जमली. कोणीतरी म्हणाले, "लाडावलेलं दिसतंय." मला लाज वाटली, आणि लाज वाटली याची नंतर जास्त लाज वाटली. बहिणीने ओढणीने त्याचे कान झाकले आणि त्याला कवेत घेऊन मडक्यांच्या मागे सावलीत बसली. तिला सवय होती.

फुपीची मुलगी अशा मुलांच्या घरी जाण्याचे काम करते. ती डॉक्टर नाही, नर्सही नाही. पदवी झाली, मग प्रशिक्षण घेतले. संध्याकाळी ती चटईवर बसली आणि बहिणीला म्हणाली, "बाजी, तू रोजच्यासारखी मुन्नाशी खेळ. मी दहा मिनिटे मोबाईलवर घेते." खेळणी नव्हतीच. स्वयंपाकघरातली तीन झाकणे आणि एक वाटी.

मग दोघी शेजारी बसून तो व्हिडिओ बघू लागल्या. मी मागून बघत होते. बहीण सारखी विचारत होती. हे काय आहे? रंग कुठला? बोल ना, झाकण बोल. मी मोजले, चौदा प्रश्न. मुन्नाची पाठ तिच्याकडे. (मला वाटले, मी वर्गात याहून वेगळे काय करते?) फुपीच्या मुलीने चुका दाखवल्या नाहीत. तिने एका ठिकाणी व्हिडिओ थांबवला. बहीण ओढणी सावरायला क्षणभर गप्प झाली होती, आणि त्या क्षणी मुन्नाने मान वळवून तिच्याकडे बघितले होते. "इथे काय झालं, बाजी?" बहिणीने तो तुकडा तीनदा बघितला. "तो माझी वाट बघत होता," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

बाहेर आल्यावर पुन्हा दहा मिनिटे. या वेळी ती प्रश्न विचारत नव्हती. त्याने झाकण फिरवले की तीही फिरवायची, म्हणायची, "घूम गया," आणि थांबायची. थांबणे किती अवघड असते ते शिक्षकाला विचारा.

रात्री मी फुपीच्या मुलीला विचारले, हे कुठून आले? तिने सांगितले ते आणि मी पुढे वाचले ते असे. ही पद्धत मूळची इंग्लंडची. मँचेस्टरचे प्रोफेसर जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १५२ लहान मुलांवर तिची चाचणी घेतली. निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. पण तिथे हे काम वाणीतज्ज्ञ करत. आपल्याकडे एवढे वाणीतज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून गोव्यातली 'संगात' ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे संशोधक एकत्र आले. डॉ. आतिफ रहमान, डॉ. गौरी दिवाण आणि ग्रीन यांनी ती इथल्या घरांसाठी नव्याने बेतली आणि तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती दिली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरच्यांसोबत आठ महिन्यांत बारा बैठका. २०१६ साली निकाल छापून आला. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. गोव्याहून रावळपिंडीला जायचे तर व्हिसाच्या चकरा. झाकण मात्र दोन्हीकडे सारखेच फिरते.

त्याच निकालात हेही लिहिले आहे की आई-मुलाने एकाच गोष्टीत मन घालण्याचा वेळ वाढला नाही, उलट कमी भरला. भाषेतही ठळक फरक दिसला नाही. मला हे वाचून धीर आला. "तीन महिन्यांत मूल बोलते करू" अशा जाहिरातींवर बहिणीने बांगड्या मोडल्या आहेत. जे जेवढे सापडले तेवढेच सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला मन तयार होते.

भाषेचे मीच विचारले. फुपीची मुलगी हसली. घरात दोन भाषा असल्याने अशा मुलांचे नुकसान होते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. "नानीला बोलू दे की." अम्मा दाराशी बसून ऐकत होती. काही बोलली नाही.

शनिवारी पणजीला निघालो. बस पर्वरीत रेंगाळली, रस्त्यावर पुलाच्या कामाची धूळ. 'संगात' याच पर्वरीतली, १९९६ साली सुरू झालेली. कोकणीत या शब्दाचा अर्थ सोबत. बसमध्ये मी दुसऱ्याच हिशेबात होते. देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली होती, त्यात उत्तर गोवाही होता. २०१८ साली निष्कर्ष आले: सहा वर्षांखालच्या मुलांत ९.२ टक्के, तर सहा ते नऊ वयात १३.६ टक्के मुलांना मेंदूच्या विकासाशी किंवा ज्ञानेंद्रियांशी संबंधित काही ना काही अडचण. ऐकणे, बघणे, फेफरे, वाचा, बुद्धी, अवधान, वाचन-लेखन, स्वमग्नता, सगळे धरून. माझ्या वर्गात बत्तीस मुले आहेत. म्हणजे चार. मी त्यांना ओळखते. एकाला "कामचोर" म्हणते, एकीला "स्वप्नाळू".

बहीण शेजारी बसली होती. मी म्हटले, "जूनमध्ये मुन्नाचा जन्मदाखला आणून दे. पहिल्या आठवड्यात तू वर्गात मागे बस." दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे, शाळेला नाही म्हणता येत नाही. यूडीआयडी कार्ड काढायचे राहिले आहे, तेही करू. आणि ज्यांचे मूल अजून लहान आहे त्यांनी माझ्यासारख्या शिकलेल्या नातेवाइकाचे न ऐकता अंगणवाडीत विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तिथे तपासणीला येते आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. रांग असते, चकरा होतात. तरी जावे.

फुपीच्या मुलीने तर सांगूनच ठेवले आहे, दर पंधरवड्याला दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा, मग फोनवर बोलू.

पणजीला जायला पूल आहे, पण आम्ही मुद्दाम बेतीला उतरून फेरीबोट घेतली. पायी चालणाऱ्याला तिकीट नाही. मुन्ना कठड्याला धरून मांडवीचे पाणी बघत होता. अम्मा त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बग मुन्ना, पानी." एवढेच, आणि थांबली. बहिणीने मोबाईल काढला, मग परत पर्समध्ये ठेवला.

मुन्नाने पाण्यावरून नजर काढली नाही. पण त्याने नानीचे बोट पकडले आणि ते पलीकडे नेले, जिथून दुसरी फेरीबोट आमच्याकडे येत होती.