दादीचे दात

मुलांनो, "म्हातारपणी दात पडायचेच," असे माझी दादी म्हणत असे. ती रोज मशेरी लावी. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तिने हिरड्या खराब होतात. साठीतच दादीचे दात हलू लागले. भाकरी दुधात कुसकरून खावी लागे.

दात केवळ वयामुळे पडत नाहीत. हिरड्यांच्या कडेला कीटण साचते, हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि हळूहळू दातांचा आधार सुटतो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना मऊ ब्रश आणून द्या. सकाळी व झोपताना दात घासायची आठवण करा. मिसवाकही हलक्या हाताने फिरवावी. कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवावी. रक्त आले तर दंतवैद्याकडे न्या. आपल्याला पहिला घास त्यांनीच भरवला आहे!