महाविद्यालयीन लोकसंख्या मोहीम : पुरंदरचा अनुभव

लोकसंख्यावाढ, कुटुंबनियोजन आणि पर्यावरण हे तिन्ही विषय एकाच फलकावर लिहिण्याची पद्धत महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजनेमुळे रुळली. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करावे, असा तिचा आराखडा आहे. पुढे ११ जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन तिच्या वेळापत्रकात आला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरणाचा सहामाही अभ्यासक्रम लावला. त्यात मानवी लोकसंख्या आणि पर्यावरण हा एक स्वतंत्र घटक होता; लोकसंख्येचा स्फोट आणि कुटुंबकल्याण कार्यक्रम हे त्यातले परीक्षेत हमखास येणारे मुद्दे.

प्रस्तुत लेखिका २००५-०६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकत होती आणि सेवा योजनेची स्वयंसेविका होती. पुढील निरीक्षणे त्या काळातली आहेत.

मोहिमेचे स्वरूप ठरलेले असे. जुलैत भित्तिपत्रके, वक्तृत्व स्पर्धा आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण घेऊन निघालेली प्रभातफेरी. त्याच आठवड्यात वृक्षारोपण. रोपे सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून येत. त्यातली किती जगली याची नोंद कोणी ठेवत नसे, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात खड्डे तेच आणि रोपे नवी. पथनाट्याचे कथानकही बदलत नसे : दारू पिणारा बाप, खंगलेली आई, मुलांची रांग, तोडलेले झाड आणि शेवटी डफावर ‘छोटे कुटुंब, सुखी कुटुंब’. प्रेक्षक हसत, टाळ्याही वाजवत.

हिवाळी शिबिर पुरंदर तालुक्यातील एका गावात झाले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग अंजीर आणि सीताफळांसाठी प्रसिद्ध आहे, आणि उन्हाळ्यातल्या टँकरसाठीही. स्वयंसेवकांना घरोघर जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचे होते. दोनपेक्षा अधिक मुले असलेल्या जोडप्यांची यादी करून त्यांचे प्रबोधन करणे हा त्यामागचा हेतू होता. तरुण जोडप्यांच्या घरी दोनपेक्षा अधिक मुलांचा रकाना बहुतेक कोराच राहिला. एका आजींनी फॉर्म भरणाऱ्या मुलींना ओसरीवर बसवले, चहा दिला आणि विचारले, “माझं ऑपरेशन झालं, सुनंचं बी झालं. पोरं दोनच हायेत. मग आमच्या हिरीला पाणी का नाय?” प्रश्नावलीत या प्रश्नाला जागा नव्हती.

आजींचे म्हणणे आकडेवारीशी जुळणारे होते. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर २.१ म्हणजे प्रतिस्थापन पातळीवर (एका पिढीची जागा तेवढीच पुढची पिढी घेईल इतका) आलेला दिसतो. निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. तरीही लोकसंख्या वाढत होती, कारण आधीच्या पिढीतील मोठ्या संख्येने जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप होत होती. दर घटला तरी ही वाढ काही दशके चालते. पाण्याचे उत्तर वेगळ्याच दिशेला होते. राज्यातील सिंचनाचे पाणी सर्वांत जास्त पिते ते ऊस हे पीक, आणि त्याखालची जमीन लागवडीच्या अगदी लहान हिश्शाइतकी आहे. डोकी मोजून विहिरीच्या पातळीचा हिशेब लागत नाही. एवढी साधी गोष्ट पथनाट्यात कधी आली नाही. उसावर नाटक करणे त्या जिल्ह्यात सोपेही नव्हते.

गावात खरी अडचण होती ती निराळीच. मुलीचे लग्न सतरा-अठराव्या वर्षी, बाविशी-तेविशीपर्यंत दोन बाळंतपणे आणि लगेच ऑपरेशन, असा क्रम पडून गेलेला होता. पाळणा लांबवण्यासाठी तांबी किंवा गोळ्या उपकेंद्रात मिळत, पण नर्सबाईंकडे त्या मागायला फारसे कोणी येत नसे. पुरुष नसबंदीचे नाव काढले की अशक्तपणाची भीती पुढे येई, आणि वयस्कर माणसांच्या बोलण्यात आणीबाणी. ती आठवण निराधार नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते; राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही. आणीबाणीपूर्वी देशात पुरुषांच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे होते. १९७७ नंतर हा सगळा भार बायकांवर सरकला आणि तिथेच राहिला. शिबिरातील पुरुषांची सभा मात्र ग्रामस्वच्छतेवर झाली.

शिबिरानंतर काही विद्यार्थिनींनी गर्भनिरोधनाची माहिती महाविद्यालयातल्या मुलामुलींनाच एखाद्या डॉक्टरांकडून द्यावी, अशी मागणी केली. वक्तृत्व स्पर्धेला लागलीच मिळणारी परवानगी या कार्यक्रमाला मिळाली नाही. पालक काय म्हणतील, हे कारण सांगण्यात आले. काळ तसाच होता. २००७ मध्ये राज्यात शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर गदारोळ झाला आणि तो थांबवला गेला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि याच कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांच्या राज्यात आठ दशकांनंतर विद्यार्थी ही माहिती गावकऱ्यांना सांगू शकत होते, पण स्वतःसाठी विचारू शकत नव्हते. यातल्या कित्येक मुलींची लग्ने पदवीच्या निकालाबरोबरच ठरणार होती, म्हणजे ती माहिती सर्वांत आधी त्यांनाच लागणार होती.

२०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ वर उतरला आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे, आणि वीस ते चोवीस वयोगटातील पाचापैकी एकीहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आहे. ११ जुलैच्या फेरीत कोणत्या घोषणा द्यायच्या, हे ठरवणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी आधी हे आकडे पाहावेत आणि पहिले व्याख्यान आपल्याच वसतिगृहात, मुलामुलींना एकत्र बसवून ठेवावे.