शुमानच्या कानातले सूर
रॉबर्ट शुमान हा १८१० साली जन्मलेला जर्मन संगीतकार. व्हायचे होते पियानोवादक, पण उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि तो रचनेकडे वळला. १८४० या एकाच वर्षात त्याने सव्वाशेहून अधिक गीते रचली. क्लाराशी लग्नही त्याच वर्षी. १८४४ मध्ये मात्र मन खचले, काम जवळजवळ थांबले. आधी पूर, मग कोरडे पात्र, असे आयुष्यभर. मनाच्या आजारानेच त्याला प्रतिभा दिली म्हणणाऱ्यांनी ही कोरडी वर्षेही मोजावीत.

फेब्रुवारी १८५४ मध्ये कानात सूर थांबेनात. देवदूत चाल सांगताहेत असे वाटून त्याने ती उतरवून घेतली आणि २७ तारखेला ऱ्हाइन नदीत उडी मारली. लोकांनी वाचवले. पुढे बॉनजवळच्या एंडेनिखच्या मनोरुग्णालयात तो दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. क्लाराची भेट झाली ती थेट मृत्यूच्या दोन दिवस आधी, जुलै १८५६ मध्ये. निदानाबद्दल अजूनही वाद आहे.

नवी मुंबईत आज रियाझ करणाऱ्या कुणाला असे सूर छळू लागले, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.