रेघ वाचणाऱ्यासाठी असते : स्किमॅटिक सॉफ्टवेअरला अनावृत पत्र

श्रीयुत स्किमॅटिक सॉफ्टवेअर यांस,



तुमचं घराणं मोठं. ईप्लॅन आहेत, ऑटोकॅड इलेक्ट्रिकल आहेत, ऑरकॅड आहेत, फुकटात मिळणारे कीकॅड आहेत. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहीत बसलो तर इथली डिस्पॅचची तारीख चुकेल, म्हणून सगळ्या कुटुंबाला मिळून हे एकच. लिहिणारा भोसरीच्या एमआयडीसीत मोटर कंट्रोल पॅनेलची ड्रॉइंग काढतो. तक्रार करायची आहे, पण आधी तुमचे उपकार सांगतो. ते विसरलो तर माझ्यासारखा कृतघ्न मीच.

तुमच्याआधी ट्रेसिंग पेपर होता, शाईचं रोटरिंग पेन होतं, चिन्हांच्या स्टेन्सिल होत्या आणि चुकलेली रेघ खरवडायला अर्धं ब्लेड होतं. प्रिंट निघायची ती अमोनियाची. ड्रॉइंग ऑफिसात शिरलं की डोळे चुरचुरायचे. ते सगळं गेलं याचं कुणाला वाईट वाटत असेल तर वाटो, मला वाटत नाही. मात्र तुम्ही आलात म्हणून रेघा सरळ झाल्या, असं जे लोक समजतात ते काही खरं नाही. रेघा सरळ काढणारे ड्राफ्ट्समन आधीही होते आणि त्यांचं अक्षर तुमच्या फॉन्टपेक्षा कितीतरी देखणं असे. तुमचा उपकार निराळाच आहे. कागदाला रेघ म्हणजे फक्त शाई. ती कुठून निघाली आणि कुठे पोचली हे तुम्हाला कळतं.

साधा स्टार-डेल्टा स्टार्टर घ्या. मोठी मोटर थेट लावली की सुरू होताना जबर करंट खेचते. तीच आधी स्टारमध्ये उठवली, तर लाइनमधला सुरुवातीचा करंट थेट डेल्टाच्या एक तृतीयांशावर येतो. त्यासाठी तीन कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढले जाणारे स्विच, लागतात : मेन, स्टार आणि डेल्टा. यातले स्टार आणि डेल्टा एकाच वेळी ओढले गेले, तर फेजवर फेज शॉर्ट, आणि पुढचं फ्यूजच्या नशिबावर. म्हणून स्टारच्या कॉन्टॅक्टरचा एनसी संपर्क, बहुधा २१-२२, डेल्टाच्या कॉइलच्या वाटेत घालायचा आणि डेल्टाचा स्टारच्या वाटेत; हाच इंटरलॉक. (हे आकडे उगीच नसतात. पहिला अंक संपर्काचा क्रम सांगतो, दुसरा त्याचं काम : १-२ असेल तर एरवी बंद, म्हणजे जोडलेला असणारा (एनसी), ३-४ असेल तर एरवी उघडा असणारा (एनओ). एवढं कळलं की अर्धं पॅनेल वाचता येतं, पण हे पोरांना पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही.)

गोम अशी, की कॉन्टॅक्टर ही वस्तू पॅनेलमध्ये एकच आणि ड्रॉइंगमध्ये तिचे तुकडे चार पानांवर विखुरलेले. तीन मुख्य पोल पॉवरच्या पानावर, ए१-ए२ ही कॉइल कंट्रोलच्या पानावर, १३-१४ होल्डिंगला, २१-२२ इंटरलॉकला, आणि जास्तीचा एखादा एनओ पुढे कुठेतरी दिव्याला. हे सगळे तुकडे एकाच वस्तूचे आहेत, हे माहीत फक्त काढणाऱ्याला. चहा पिऊन येऊन त्याने तोच २१-२२ दुसऱ्या पानावर पुन्हा वापरला, तर कागद हूं की चूं करत नसे. बोलायचा तो वायरमन, आठवडाभराने, नंबराचं फेरूल घातलेली वायर हातात धरून : ‘‘साहेब, ही कुठं लावू? इथं जागाच नाही.’’

तुम्ही मात्र त्याच क्षणी बोलता. कॉइलच्या खाली छोटासा तक्ता छापता : १३-१४ अमुक पानावर, तमुक रकान्यात, २१-२२ तमक्या पानावर. प्रत्येक संपर्काच्या शेजारी त्याची कॉइल कुठे आहे तेही लिहिता. कॉन्टॅक्टरला संपर्क दोनच आणि मी तिसरा मागतोय असं झालं की लाल खूण करता. वायर नंबर, फेरूलची यादी, टर्मिनल चार्ट, बीओएम म्हणजे मालाची यादी, हे सगळं त्याच ड्रॉइंगमधून निघतं, ते वेगळंच. पण त्या कॉइलखालच्या तक्त्यासाठी मी तुम्हाला आयुष्यभर सलाम करायला तयार आहे.

तुमच्या मूळपुरुषालाही नेमकं हेच हवं होतं. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम केला. लिंकन लॅबोरेटरीतला टीएक्स-२ हा संगणक, त्याचा पडदा आणि पडद्यावर टेकवायचं लाइट पेन. पूल काढले, दांड्यांच्या जोडण्या काढल्या आणि इलेक्ट्रिकल सर्किटही काढून पाहिलं. सर्किटचा अनुभव त्यांनी प्रबंधात प्रामाणिकपणे नोंदवला आहे : काम अवघड गेलं, आणि नुसतं चित्रच मिळणार असेल तर संगणकावर काढण्यात अर्थ नाही. काढलेलं सर्किट चालेल की नाही हेही संगणक सांगू लागला, तर खटाटोप सार्थकी लागेल. पुढे १९७३ मध्ये बर्कलीत, डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी ‘स्पाइस’ केलं. ते सर्किटचं गणित करायचं, पण त्याला चित्र कळत नव्हतं. कोणता घटक कोणत्या नोडवर, याची यादी टाइप करून द्यावी लागे. चित्र एकीकडे आणि गणित दुसरीकडे, अशी बरीच वर्षं गेली. दोघांची गाठ तुम्ही घातलीत, आणि तिथेच माझ्या तक्रारीचं मूळ आहे.

कारण ती यादी, जिला तुम्ही नेटलिस्ट म्हणता, तीच तुम्हाला ड्रॉइंग वाटायला लागली आहे. तुमच्या लेखी दोन टोकांना एकच नाव दिलं की ती जोडली गेली. मधे रेघ असो वा नसो. हे कळल्यापासून नव्या इंजिनियरांनी रेघा ओढणंच सोडलंय. पानावर दहा चौकोन, प्रत्येक पिनेला एक लेबल, आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारी रेघ औषधालाही नाही. तुम्ही तपासणी करता, ‘शून्य एरर’ म्हणता, तो खूश आणि तुम्हीही खूश. गावाचा नकाशा मागावा आणि हातात मतदार यादी पडावी, त्यातली गत. यादीत चूक एकही नाही, पण वाट कुठाय?

तुमच्या त्या शून्याबद्दलही जरा बोलतो. शून्य एरर म्हणजे पिनांची नाती नियमात बसतात, एवढंच. ओव्हरलोड रिलेची रेंज त्या मोटरला जुळते का, केबलची जाडी पुरेशी आहे का, इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर खरोखर सगळं थांबतं का, यातलं काहीही तुमच्या साध्या तपासणीत येत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण पडद्यावर हिरवी टिकमार्क अशी दाखवता की साहेबाला वाटतं, झालं, पॅनेल पास.

आता ते ड्रॉइंग वाचणारा माणूस कोण, ते पाहा. साखर कारखान्याचा गळीत हंगाम भर रंगात आलाय. रात्रीचे दोन वाजलेत. एका पंपाची मोटर उठत नाही म्हणून मिल थांबलीय, गव्हाणीवर मोळ्या तशाच पडून आहेत, यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग वाढतेय आणि शिफ्ट इंजिनियर मागे उभा राहून दर दोन मिनिटांनी ‘‘झालं का?’’ विचारतोय. इलेक्ट्रिशियन पॅनेलचं दार उघडतो. दाराच्या आतल्या खिशातून ए-थ्रीचे, घडीवर झिजलेले, ग्रीसचे ठसे उमटलेले कागद काढतो. मोबाइलचा टॉर्च दातात धरतो. मल्टिमीटरचा काळा प्रोब न्यूट्रलवर, लाल प्रोब हातात, आणि दुसऱ्या हाताचं बोट कागदावर.

कंट्रोलच्या एमसीबीच्या पुढे २३० व्होल्ट. बोट पुढे सरकतं. स्टॉप बटणाच्या पलीकडे २३०. बोट पुढे. ओव्हरलोडच्या ९५ वर २३०. ९६ वर काही नाही. शोध संपला : ओव्हरलोड ट्रिप आहे. आता तो का ट्रिप झाला ते मोटरपाशी जाऊन बघायचं. सगळं मिळून पाच मिनिटं, कारण कागदावरचं बोट आणि टर्मिनलवरचा प्रोब एकाच वाटेने चालले.

याच माणसाच्या हातात लेबलांचं पान द्या. ‘ओएल_ओके’ असं एक नाव या पानावर, तेच कुठेतरी पुढे, तिथून आणखी एका नावाला. दातात टॉर्च धरून पानं उलटायची. सर्च करायला त्याच्याकडे तुमचा पडदा नाही. मिलच्या एमसीसी (मोटर कंट्रोल सेंटर) रूममध्ये लॅपटॉप आणला तरी त्यावर तुमचं लायसन्स नसतं.

छपाईचंही तेच. तुमच्या काळ्या पडद्यावर पिवळी रेघ उठून दिसते. मोनोक्रोम न निवडता ती तशीच पांढऱ्या कागदावर छापली की गुप्त. किंवा ठिपका पाहा. दोन रेघा एकमेकींवरून गेल्या आणि तिथे ठिपका असेल तर जोड, नसेल तर नुसतं ओलांडणं. जुने ड्राफ्ट्समन चार रेघा एका ठिकाणी भेटूच देत नसत. एक फांदी जराशी सरकवून दोन वेगळे ‘टी’ काढत, म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ठिपका पुसला गेला तरी जोड वाचता यावा. तुमच्या कुटुंबातले काहीजण आजही चौरस्त्यावर ठिपका ठेवतात आणि हात झटकतात. त्या जुन्या सवयीमागे झेरॉक्सचा अनुभव होता. तो तुमच्या सेटिंगमध्ये आला असता तर काय बिघडलं असतं?

(जर्मन मशिनच्या ड्रॉइंगमध्ये करंट वरून खाली वाहतो आणि अमेरिकन शिडीत, म्हणजे लॅडर ड्रॉइंगमध्ये, डावीकडून उजवीकडे, हा घोळ मात्र तुमचा नाही. तो आमच्या शेडमध्ये दोन्हीकडची मशिनं शेजारीशेजारी उभी असण्याचा आहे. त्याबद्दल तुम्हाला माफ.)

दुसरी तक्रार तुमच्या आयुष्याबद्दल. आम्ही बनवलेलं पॅनेल पंचवीस-तीस वर्षं सहज चालतं. तुम्ही चालता का? ‘ईगल’ची गोष्ट ताजी आहे. जर्मनीतल्या कॅडसॉफ्टने ते १९८८ मध्ये काढलं. छोट्या सर्किट बोर्डवाल्यांचं आणि हौशी लोकांचं ते लाडकं. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्ककडे गेलं, पुढच्याच वर्षी एकदाच विकत घेण्याऐवजी वर्गणी सुरू झाली, आणि २०२३ मध्ये जाहीर झालं की ७ जून २०२६ नंतर स्वतंत्र ईगल नाही. ज्यांची जन्माची ड्रॉइंग त्यात आहेत, त्यांची त्यातल्या त्यात सोय एवढीच, की ईगलची फाइल २०१२ पासून एक्सएमएल या वाचता येणाऱ्या स्वरूपात होती, म्हणून दुसऱ्यांना ती उघडता आली.

म्हणून तुमच्या घराण्यातली गरीब मंडळी मला जास्त जवळची वाटतात. कीकॅडची सुरुवात १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे ज्याँ-पिएर शरास यांनी केली. पुढे सर्नसारख्या संस्थेने त्यात भर घातली. त्याची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी साधा मजकूर दिसतो. पॅनेलच्या कामाला ते तितकंसं सोयीचं नाही, तो जीव सर्किट बोर्डांचा. पॅनेलसाठी क्यूइलेक्ट्रोटेक आहे. तेही मुक्त, आणि कॉइल-संपर्कांची सांगड त्यालाही जमते. आणि आपल्या पवईत, आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने कीकॅड आणि एनजीस्पाइस एकत्र बांधून ‘ईसिम’ केलंय : सर्किट काढा, तिथेच चालवून पाहा. सदरलंडना जे हवं होतं ते डिप्लोमाच्या पोराला एक पैसा न देता मिळतं. तरीही आमच्याकडे कॉलेजातून येणारी पोरं महागड्या सॉफ्टवेअरची चोरून आणलेली प्रत शिकून येतात आणि ईसिमचं नाव विचारलं की तोंडाकडे बघतात. याचा दोष मी तुमच्या माथी मारणार नाही. तो त्यांच्या सरांचा आहे.

तर मागणं असं. पिन मोकळी राहिली की ओरडता ना, तसं एखाद्या पानावर रेघांपेक्षा लेबलं जास्त झाली की तिथेही एक पिवळी सूचना द्या. अडवू नका, फक्त विचारा : हे कुणी कागदावर वाचणार आहे का? लेबल घालावंच लागलं तर ते पुढे कोणत्या पानावर, कोणत्या रकान्यात गेलंय ते त्याच्या शेजारी आपणहून छापा. तुमच्या कुटुंबातले महागडे सदस्य हे करतात; स्वस्तातल्यांनाही ते शिकवा, आणि कुणी चालू करेपर्यंत झाकून ठेवू नका. छापताना ए-थ्री आणि काळं-पांढरं हेच मूळ सेटिंग असू द्या.

आणि हे पत्र अनावृत असल्यामुळे माझ्या धंद्यातले भाऊबंदही वाचत असतील, म्हणून शेवटचं त्यांना. साइटवर वायरमनने लाल पेनने केलेली दुरुस्ती फाइलमध्ये चढवल्याशिवाय फायनल बिल पाठवू नका. पॅनेल सोपवताना पीडीएफ द्या, मूळ फाइलही द्या, आणि दाराच्या खिशात छापलेला ताजा संच ठेवा. ठेवण्याआधी त्यातलं एक पान उचलून, पॅनेलसमोर उभं राहून, मोटर न उठण्याचं कारण बोटाने शोधून बघा. सापडलं नाही तर ते पान पुन्हा काढा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
भोसरीतला एक पॅनेलवाला