‘किती दिवस?’ : कोयनेच्या पाण्याकाठी

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर आपण कधी ना कधी गेला असाल. पावसाळा सरता सरता तिथे फुले येतात आणि फुलांमागोमाग माणसेही येतात. माझी वाट मात्र पठार ओलांडून पुढे जाते. सातारा शहराला पाणी पुरवणारा कास तलाव मागे पडला की गाड्यांची गर्दी विरळ होते, रस्ता झाडीतून उतरू लागतो आणि बामणोलीला येऊन पाण्याशी थांबतो. समोर शिवसागर जलाशय. कोयना धरणाचे पाणी १९६०च्या दशकात या खोऱ्यांत चढले, नदीकाठची भातखाचरे त्याखाली गेली आणि जी गावे राहिली ती डोंगराच्या अंगाला सरकली. तेव्हापासून शेजारच्या गावाला जायचे तरी अनेकांना लाँचची वाट पाहावी लागते.

जून १९९४ मध्ये अशाच एका लाँचमध्ये एक पत्र्याची ट्रंक घेऊन मी बसलो होतो. एमबीबीएसनंतरच्या बाँडची सेवा करण्यासाठी या खोऱ्यांतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी नेमणूक झाली होती. शेजारी घोंगडे पांघरलेले एक आजोबा होते. नवा डॉक्टर म्हणून नावाड्याने माझी ओळख करून दिली. आजोबांनी माझे नाव विचारले नाही, गावही विचारले नाही. एवढेच म्हणाले, “किती दिस?”

मी दुखावलो. आल्या आल्या जाण्याची चौकशी! पुढे कळले की माझ्या आधीच्या तीन वर्षांत तिथे चार डॉक्टर येऊन गेले होते. त्या प्रश्नात खोच नव्हती. पाहुण्याला जेवून जाणार का हे विचारावे, तितक्या सहजपणे तो विचारलेला होता.

मी चौदा महिने टिकलो. वीस हजारांच्या आसपास वस्ती, तीही पाणी आणि जंगल यांच्यामध्ये विखुरलेली. मंजूर पदे दोन डॉक्टरांची होती. दुसरा डॉक्टर मी कधी पाहिला नाही. पावसाळ्यात क्वार्टरच्या भिंतींना ओल चढायची, वीज आठवडा आठवडा नसायची, बाळंतिणीला डोलीत घालून माणसे रात्री-अपरात्री येत. या साऱ्याचा त्रास झाला, पण त्यापायी मी गेलो असे म्हणणे खरे होणार नाही. मी का गेलो ते आजवर कुठे लिहिले नव्हते.

श्रावणातली रात्र होती. त्या दिवशी दोन बाळंतपणे झाली होती आणि एका सर्पदंशाच्या रुग्णाला पाण्यापलीकडे पाठवता पाठवता अंधार पडला होता. रात्री दोनच्या सुमारास दार वाजले. एक वृद्ध गृहस्थ खोकला घेऊन आले होते. “ही काय वेळ आहे? सकाळी या,” असे ओरडून मी दार लावून घेतले. सकाळी सातला उघडले तेव्हा ते व्हरांड्यातच बसलेले होते. घर दोन डोंगर पलीकडे असल्याने परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आणि पुन्हा दार वाजवले तर डॉक्टरांची झोप मोडेल, म्हणून रात्रभर ते तोंडावर पटका दाबून खोकत राहिले होते. मी त्यांना तपासले, औषध दिले. त्यांच्या जिवाला काही झाले नाही. पण त्यांना तिथे बसलेले पाहून मला काहीच वाटले नाही. ना शरम, ना दया. ते काहीच न वाटणे हेच माझे दुखणे होते आणि त्याला नाव असते हे मला ठाऊक नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. तिथे त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ साचत राहिला आणि त्याचा निचरा झाला नाही म्हणजे उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. तिची अंगे तीन : शक्ती संपून जाणे, कामापासून आणि पर्यायाने माणसांपासून मन तुटणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. दूध तळाशी लागते तेव्हा वरून पांढरेशुभ्रच दिसते. मन करपते तेही तसेच. ही व्याख्या नोकरीपुरती मर्यादित आहे हे खरे. तरीही अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची किंवा विसरभोळ्या झालेल्या पतीची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या वाचकांना यातील दुसरे अंग वाचताना आरशात पाहिल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही आणि लाज वाटण्याजोगेही काही नाही.

आमच्या केंद्रातील नर्सबाईंनी ते ओळखले होते. “साहेब, चार दिस घरी जाऊन या,” असे त्या म्हणाल्या होत्या. मी घरी गेलो. परतलो तो बदलीचा अर्ज घेऊनच. त्या स्वतः मात्र बावीस वर्षे तिथे राहिल्या. यंदा कार्तिकात बामणोलीला जाण्यापूर्वी साताऱ्यात लेकीकडे राहत असलेल्या बाईंना मी भेटलो. इतकी वर्षे कशाच्या बळावर काढलीत, असे विचारले. काही उदात्त उत्तर मिळेल ही माझी अपेक्षा होती. बाई हसल्या. म्हणाल्या, “गावातल्या बायका माझी पोर सांभाळायच्या, म्हणून फिरती जमली. पण डॉक्टर, राहिले म्हणून सगळे कौतुक करतात. तुला बदली हवी का, असं बावीस वर्षांत एकानं विचारलं नाही.” मग चहात साखर ढवळत पुढे म्हणाल्या, “मागितली होती. दोनदा.”

म्हणून टिकून राहिलेल्या प्रत्येकाला आपण समाधानी समजतो ते चुकते, असे मला आता वाटते.

बामणोलीहून लाँचने पलीकडे गेलो. धुके नुकते विरत होते, किनाऱ्याला कापून ठेवलेल्या गवताच्या गंजी दिसत होत्या. या गावांत तरुण माणसे आजही मोजकीच. पिढ्यान्‌पिढ्या इथले पुरुष मुंबईला गेले, माथाडी कामगार झाले. गावात राहिले ते म्हातारे आईबाप. उपकेंद्राला चांगला रंग दिला आहे, पाटीवरचे नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले आहे. डोंगराळ भागात तीन हजार वस्तीला असे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. आत एक तरुण समुदाय आरोग्य अधिकारी होते. कंत्राटी, मुदतीच्या आदेशावर. या गावातले चार वर्षांतले ते तिसरे. त्यांच्या टेबलावर नोंदवह्यांची चळत होती आणि त्याच नोंदी पुन्हा भरण्यासाठी मोबाइल होता. तिथे रेंज मिळत नाही, म्हणून माहिती भरायला ते रोज संध्याकाळी टेकडी चढतात.

तेवढ्यात एक आजी आल्या, ऐंशीच्या घरातल्या. मी डॉक्टर आहे असे समजताच त्यांनी विचारले, “किती दिस?”

एकतीस वर्षांनी तोच प्रश्न. मी म्हणालो, “चारच्या लाँचने निघतो, आजी.”

“मग पिशवी आत्ताच बघा.”

पिशवीत पाच पाकिटे होती. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी केंद्रातून मिळालेली. दुसऱ्या पाकिटावर कंपनीचे वेगळे नाव, आत तेच औषध. मुलाने मुंबईला नेले असताना तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेले. आजी दोन्ही घेत होत्या. दोन्ही मिळून मात्रा दुप्पट झाली, पाय सुजले. या औषधाने तसे होते. सूज पाहून तिसऱ्या, नव्याने आलेल्या डॉक्टरांनी लघवीची गोळी जोडली. आता उठून उभे राहिले की आजींना चक्कर येत होती. आडवे असतानाचा आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब मोजला तेव्हा कारण समजले. एकाही डॉक्टरची चूक काढता येईना; प्रत्येकाने समोर दिसले त्यावर योग्य तेच केले होते. आधीचे सांगायला मात्र कोणी उरले नव्हते.

कोणीच नाही असेही नव्हे. दारात उभ्या असलेल्या आशाताई म्हणाल्या, “बारीक अक्षरात नाव सारखंच आहे, हे मी मागच्या महिन्यात सांगितलं होतं. पण ते साहेब गेले.” पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या इथे आहेत. आजींचे डोळे कोणत्या साली केले, त्या रात्रीची गोळी का विसरतात, सगळे त्यांच्या डोक्यात. गावाचा केसपेपर म्हणजे आशाताई; आणि व्यवस्थेच्या लेखी त्या ‘स्वयंसेविका’, ज्यांचे मानधन उशिराने येण्याची सवय त्यांना झाली आहे.

मी पाहुणा होतो, परस्पर औषध बदलणे योग्य नव्हते. टेकडीवर जाऊन केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांनी दुसरे पाकीट थांबवायला सांगितले आणि लघवीच्या गोळीचा निर्णय आठ दिवसांनी पुन्हा तपासून घ्यायचे ठरवले.

ओळखीचा डॉक्टर ही चैन नाही. वेगवेगळ्या देशांतील २२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १८ अभ्यासांत, त्याच त्या डॉक्टरांकडे जात राहिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. सातारा जिल्हा तर उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात अगदी आरंभीच्या जिल्ह्यांपैकी एक. प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवायचे, महिन्याची औषधे एकदम द्यायची, न आलेल्याला शोधून बोलवायचे, ही त्याची रीत. रीत उत्तम आहे. पण शोधायला जाणारा माणूस बदलत राहिला, तर कार्डावरचे घर त्याला सापडावे कसे?

बदल्या, करार, रिक्त पदे आपल्या हाती नाहीत. तरी आपल्या औषधांचा इतिहास डॉक्टरांच्या स्मरणावर सोडू नका. एका साध्या वहीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, कधी आणि कशासाठी सुरू झाले ते घरातल्या कोणाकडून तरी लिहून घ्या. कंपनीच्या नावासोबत ते नावही पाकिटावर छापलेले असते. दवाखान्यात जाताना वही न्या आणि सगळी पाकिटेही न्या, शहरातून आणलेली, शेजारणीने दिलेलीसुद्धा. चक्कर आली, पाय सुजले तर मनाने गोळी बंद करू नका, वाढवूही नका, दाखवा. नवा डॉक्टर किंवा नवी परिचारिका आली तर त्यांचे नाव विचारा, जेवणाची सोय झाली का तेही विचारा. मला ते कोणी विचारले असते तर मी राहिलो असतो, असा माझा दावा नाही. आणि घरी रुग्णसेवा करणाऱ्यांनो, आपल्याच माणसाचा खोकला ऐकून आपल्याला काही वाटेनासे झाले, तर ते आपल्या स्वभावाचे खोट समजू नका. चार दिवस दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. नर्सबाईंनी मला दिलेला सल्ला मी अर्धाच पाळला होता.

चारच्या लाँचमध्ये ते तरुण अधिकारीही होते. दुसऱ्या दिवशी तालुक्याला त्यांची बैठक होती. पाण्यावर उन्हाची तिरीप पडली होती, पलीकडे वासोट्याचा डोंगर निळा होऊ लागला होता. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “सर, तुम्ही इथून का गेलात?”

व्हरांड्यातल्या त्या रात्रीची हकिकत मी त्यांना सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

“त्या आजोबांचं नाव काय होतं?” त्यांनी विचारले.

मी आठवू लागलो. पण मी ते विचारलेच नव्हते. केसपेपरवर नर्सबाईंनी लिहिले असेल.