हवाई अंतर

दोन गावांमधले अंतर विचारावे आणि उत्तरावरून माणूस ओळखावा. शेतकरी कोस सांगतो, कंडक्टर तिकिटाचे रुपये सांगतो, आणि अमेरिकेतून सुटीवर आलेला नातू हवाई अंतर सांगतो.

माझ्या दोन मावश्या. थोरली आष्टीला, धाकटी कारंज्याला. दोन्ही गावे वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. थोरलीच्या नातवाने फोनवर बोट फिरवून जाहीर केले, "आजी, सुमारे ३०० किलोमीटर. विमानाने पंचवीस मिनिटं."

मावशी हबकली. "चाळीस वर्षं झाली, एवढी लांब देल्ली होय बापानं तिले?"

चौकशीअंती कळले, की त्या यंत्राने बीड जिल्ह्यातली आष्टी आणि वाशीम जिल्ह्यातले कारंजे धरले होते. लाडांचे कारंजे निराळे, आमचे घाडग्यांचे. महाराष्ट्रात गावांच्या नावांचा तुटवडा फार. दुरुस्ती केल्यावर अंतर निघाले जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने विमानाला दोन मिनिटेसुद्धा नकोत.

"अन् त्या इमानाचा स्टॉप कुठी हाय?" मावशीने विचारले.

इथेच घोटाळा होता. आष्टीत विमानतळ नाही, कारंज्यातही नाही. बरे, असता तरी काय? आष्टीहून पूर्वेला निघालेले विमान वर चढून सरळ होईपर्यंत भंडारा मागे पडायचे. कारंज्याला उतरायचे तर पायलटाला चढता चढताच उडी मारावी लागेल.

तेव्हा विमानासाठी जायचे नागपूरला. आष्टीहून आधी खाली तळेगावला यायचे, तिथे अमरावती-नागपूर हमरस्ता धरायचा, आणि त्या रस्त्यावर तळेगावनंतर लागते ते कारंजा! म्हणजे कारंज्याचे विमान पकडायला कारंज्यावरूनच जायचे. खिडकीतून बहिणीला हात दाखवायचा आणि पुढे जाऊन विमानतळावर दोन तास आधी हजर व्हायचे.

१९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्या बदलत आणि आल्या वाटेने परतत. चार टोकांच्या चार शहरांची रोज भेट! या दोन बहिणींची मात्र गेल्या तीन वर्षांत झालेली नाही. अंतर आड येत नाही. आड येतो तो तळेगावचा फाटा. तिथे उतरायचे, दुसऱ्या गाडीची वाट बघायची, उन्हात उभे राहायचे, आणि गाडी आलीच तर तिच्या पायऱ्या चढायच्या. मावशीचे वय ८१, गुडघे त्याहून थोरले. नातवाच्या फोनला हा हिशेब विचारायची सोय नाही. जीप करून नेतो म्हटले तर मावशी म्हणते, "कायले पैसे घालतं? मी का नवरी हाओ?" धाकटीचे उत्तरही हेच, शब्दसुद्धा तेच. एका आईच्या मुली.

मग जाते कुरडयांची पिशवी. ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची, तळेगावला तो ती दुसऱ्याच्या हवाली करतो. पिशवीला गुडघे नसतात. संध्याकाळी धाकटीचा फोन येतो, "कुरडया भेटल्या वं बाई. एक बी मोडली नाही. तू कवा येतं?"

आणि थोरली विचारते, "तू काहून नाही येत?"

मग दोघी पाऊण तास बोलतात.